खासगी पार्किंगचा दंड आणि गाडीचा कीपर

प्रश्न: इंग्लंडमध्ये ३ मार्चला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वेळ उलटून गेली. काचेवर चिठ्ठी नव्हती. कॅमेऱ्याने नंबर टिपला आणि सोमवार, १६ मार्च अशी तारीख असलेलं १०० पौंडांचं पत्र घरी आलं. गाडी माझ्या नावावर आहे. भरावेच लागतील का?

उत्तर: आधी तारखा मोजा. मुळात देणं चालकाचं असतं. ते कीपरवर, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर, ढकलायचं तर कंपनीला २०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टचं परिशिष्ट ४ पाळावं लागतं. काचेवर चिठ्ठी नसेल तर नोटीस दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत पोचायला हवी, म्हणजे १७ मार्चपर्यंत. टपालाने पाठवलेली नोटीस दोन कामकाजाच्या दिवसांनी पोचली असं धरतात, तुमची १८ला. एका दिवसाने हुकली! म्हणजे देणं कीपर म्हणून तुमच्यावर ढकलता येत नाही.

कंपनीकडे अपील कीपर म्हणूनच करा. चालकाचं नाव सांगायची सक्ती नाही. ‘मी गाडी लावली’ एवढं लिहिलंत की हा मुद्दा गेला. ‘चालकाने’ असंच लिहा. लिफाफा जपून ठेवा. अपील फेटाळलं आणि कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असेल, तर २८ दिवसांत ‘पॉप्ला’ या स्वतंत्र अपील सेवेकडे जा. तिथला निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही.

वसुलीवाल्यांच्या पत्रांनी घाबरू नका. काउंटी कोर्टाचा (दिवाणी न्यायालयाचा) दावा आला तर मात्र मुदतीत उत्तर द्याच, नाहीतर एकतर्फी निकाल लागतो.