कुत्र्याच्या अंगावर गोल टक्कल पडतंय, मेडिकलमधलं मलम लावू का?

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे, डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर गोल टक्कल पडलंय, खाज फारशी नाही, आणि घरचे म्हणतायत नायटा आहे, आपलं ट्यूबवालं मलम लाव. प्लीज लावू नका. निदान व्हेटने स्क्रेपिंग करून, म्हणजे चट्ट्याची कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली, बघेपर्यंत तरी नाहीच.

आमचा खंड्या गावठी, कर्वेनगरला नदीकाठी सापडलेला. त्याला पावसाळ्याच्या तोंडावर अगदी असेच चट्टे आले होते. मेडिकलमधून ट्यूब आणली, बुरशी, खाज सगळ्यावर चालते म्हणाले. तिच्यात स्टेरॉइड होतं हे मी वाचलंच नाही. चार दिवस लाली कमी झाली म्हणून आम्ही खूश, आणि तीन आठवड्यांत चट्टे मानेपर्यंत, कातडी जाड, तेलकट, जवळ घेतलं की आंबूस वास. त्याचं अजून वाईट वाटतं मला.

मग डॉक्टरांनी चट्ट्याची कातडी चिमटीत दाबली, ब्लेडच्या बोथट बाजूने जरासं रक्त दिसेपर्यंत खरवडली, काचेवर तेलाच्या थेंबात ते मिसळलं आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला दिलं. सिगारसारखे लांबट किडे, पुढच्या बाजूला आखूड आखूड पाय, आणि ते पाय हलत होते! डेमोडेक्स. हे थोडेफार जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी असतातच, जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईकडून येतात, प्रतिकारशक्ती कमी पडली की बेसुमार वाढतात, आणि स्टेरॉइड नेमकी तीच शक्ती दाबतं. माणसाला हे लागत नाहीत. पिल्लांमधले एकदोन छोटे चट्टे तर बऱ्याचदा आपोआप भरून येतात.

पण दिसायला असाच नायटाही असतो आणि तो घरातल्या मुलांना लागतो. खरजेचे किडे वेगळेच, त्यात कानाच्या कडा आणि कोपरं आधी जातात, कुत्रं रात्रभर खाजवतं आणि आपल्यालाही खाज सुटते. तिन्हींचं औषध वेगळं, म्हणून नुसत्या फोटोवरून कोणी काही सांगितलं तर ऐकू नका.

खंड्याला महिन्यातून एक चघळायची गोळी होती (कुत्र्याला कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, या गोळ्या तिथे जपून देतात) आणि औषधी शांपू. शांपू लावून पूर्ण 10 मिनिटं ठेवायचा, मोबाइलवर टायमर लावून, नाहीतर औषध मुरतच नाही. केस आले म्हणून आम्ही थांबलो नाही, महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग स्वच्छ आल्यावरच गोळी बंद केली. हे फार महत्त्वाचं आहे, लोक इथेच सोडतात आणि सगळं परत येतं.

आपला शांपू वापरू नका, आपली कातडी आम्लधर्मी, पीएच 5.5 च्या आसपास, त्यांची 7 च्या जवळ. कापूर घातलेलं तेल, गाडीचं जळकं ऑइल अजिबात नको, ते चाटतात आणि विषबाधा होते. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं गोचिडाचं औषध तिच्यापासून लांबच ठेवा, मांजराच्या जिवावर बेततं.

आणि व्हेटकडे जायच्या आधी आंघोळ घालू नका. आत्तापर्यंत जे काही लावलंय, दिलंय, त्या सगळ्याचे फोटो काढून न्या, ट्यूबच्या मागची बारीक अक्षरंसुद्धा.