आधी कागदावर अंदाज, मग सिम्युलेशन

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सिम्युलेशनमध्ये ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यावर मेश (मॉडेलचे लहान तुकड्यांचे जाळे) जसजशी बारीक करावी तसतसा तिथला स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचा अंतर्गत ताण) वाढतच जातो, आधी 180, मग 260, मग 390 मेगापास्कल, आणि वरिष्ठांना मात्र उद्या एकच आकडा हवा आहे. यांतला खरा कोणता, असे तू विचारतोस. खरा यांतला एकही नाही. तू मॉडेलमध्ये तो कोपरा अगदी धारदार काढला आहेस, आणि रेषीय स्थितिस्थापकतेच्या, म्हणजे पदार्थ बलाच्या प्रमाणातच लवतो असे मानणाऱ्या, गणितात अशा आतल्या कोपऱ्यावरचा स्ट्रेस अनंत असतो. मेश कितीही बारीक केलीस तरी आकडा थांबणार नाही. प्रत्यक्ष भागाला तेथे फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, असणार. ड्रॉइंगमध्ये त्याची त्रिज्या शोध, ती मॉडेलमध्ये घाल आणि मग मेश बारीक कर, म्हणजे आकडा स्थिरावेल.

तुझे काम एवढ्याने भागेल, माझे समाधान होत नाही. पत्रासोबत चार रंगीत चित्रे आहेत आणि हाताने केलेल्या आकडेमोडीची एकही ओळ नाही. रन देण्याआधी, म्हणजे संगणकाला गणित सोडवायला लावण्याआधी, तुझा अंदाज काय होता? ब्रॅकेट म्हणजे शेवटी एका टोकाला धरलेला दांडा. बल गुणिले लांबी, भागिले सेक्शन मॉड्युलस (दांड्याच्या छेदाच्या आकारावरून मिळणारा आकडा), की नाममात्र, म्हणजे कोपऱ्याचा परिणाम न धरलेला, स्ट्रेस हाती आला. दोन मिनिटांचे काम. तो समजा 90 आला असता, तर फिलेटपाशी त्याच्या दीडपट-दुप्पट आकडा पाहून तू दचकला नसतास, आणि 390 दिसताच हात थांबला असता. म्हणून सांगतो, आधी कागदावर अंदाज लिही, मग रन दे.

तुझ्याच वयाचा असताना मी हे केले नाही. एका पंपाच्या मोटरखालच्या चौकटीचे मॉडेल करताना तिचे पाय मी पूर्णपणे जखडलेले धरले, कारण सॉफ्टवेअरमध्ये तेच सर्वांत सोपे होते. नैसर्गिक वारंवारता, म्हणजे चौकट आपोआप सेकंदाला किती वेळा थरथरते ते, 38 हर्ट्झ आली. मोटर मिनिटाला 1,480 फेरे घेणारी, म्हणजे 25 हर्ट्झच्या किंचित खाली. हे दोन आकडे जवळ आले की थरथर बेसुमार वाढते; अंतर पुरेसे आहे, असे मी अहवालात ठामपणे लिहिले. प्रत्यक्षात ती चौकट पातळ पत्र्याच्या डेकवर बोल्टने बसवलेली होती आणि तो डेकच लवत होता. मोटर पूर्ण वेगाला येताच चौकट अशी थरथरू लागली की तिच्यावर हात ठेवला तर बोटांना मुंग्या येत. तीन आठवड्यांत वेल्डला तडा गेला. वेल्डरने त्या तड्याभोवती खडूने गोल काढून मला काही न बोलता दाखवला. तो गोल मला आजही दिसतो. नंतर मोजली तेव्हा वारंवारता 26 निघाली. डेकला स्प्रिंग मानून चार ओळी आधी लिहिल्या असत्या, तर 38 वर माझा विश्वास बसलाच नसता.

ही चूक केवळ नवख्यांची नाही. 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेत स्लाइपनर ए या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत असताना एका कप्प्याची भिंत फुटली आणि सगळा पाया बुडाला. कप्पे जेथे जुळतात तेथे मेश ओबडधोबड होती, आणि भिंतीतला शिअर (भिंतीला आडवे कापू पाहणारे बल) सुमारे 47 टक्क्यांनी कमी धरला गेला होता. पाण्याचा दाब गुणिले भिंतीचा निम्मा गाळा (गाळा म्हणजे दोन आधारांमधले अंतर), एवढ्यानेही आधारापाशी किती शिअर येईल याचा ढोबळ आकडा मिळतो. शेजारी तो लिहिलेला असेल, तर एवढी तफावत नजरेतून सुटणे कठीण आहे.

अंदाजच करायचा तर सिम्युलेशन कशाला, असे म्हणू नकोस. तो आळशी प्रश्न आहे. त्याच अपघातानंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले, आणि ती फुटली होती 65 मीटरवर. साधन उत्तमच आहे. वेडावाकडा आकार, घासणारे पृष्ठभाग, क्षणाक्षणाला बदलणारे तापमान, हे माझ्या कागदाला कधीच झेपणार नाही, आणि सिम्युलेशनशिवाय मीही आज एक दिवस काम करू शकत नाही. पण आलेले उत्तर पटते की नाही हे ठरवायला आपल्याजवळ आधीपासून काहीतरी लिहिलेले हवे. उत्तर पाहिल्यावर केलेला अंदाज कधीच प्रामाणिक नसतो. मन त्या आकड्याकडे झुकते, हे मी स्वतःवरून सांगतो.

सहकारी मला हटवादी म्हणतात. ज्या अहवालात अंदाजाचे पान नाही तो मी सही न करता परत पाठवतो, त्यामुळे कामे रेंगाळतात, ही त्यांची तक्रार खरी आहे. तरीही मी बदललेलो नाही, आणि बदलायला हवे होते असे मला वाटत नाही. खडूचा तो गोल त्यांना कोणी दाखवलेला नाही.

सपोर्टवरच्या रिअ‍ॅक्शनची (आधारांनी दिलेल्या उलट बलांची) बेरीज लोडइतकी येते का आणि भाराखाली बदललेला आकार शहाण्यासारखा दिसतो का, हे तू पाहत असशीलच. वरिष्ठांना उद्या सांग की आकडा एक दिवस उशिरा मिळेल. रागावले तर रागावू देत. फिलेटची त्रिज्या कळली की रन देण्याआधीचे ते पान मला पाठव. चित्रे त्यानंतर पाहीन.

तुझा हितचिंतक