वाचकांचे प्रश्न : गाण्याच्या तालावर घरचे दिवे

प्रश्न : ताई, घराच्या दर्शनी भागावर गाण्याबरोबर चालणारी दिव्यांची सजावट करायची फार इच्छा आहे. हौसेने एक रंगीत पट्टी आणि माइकवर चालणारा छोटा कंट्रोलर आणला. दिवे आवाजाबरोबर लुकलुकतात, पण गाण्याशी जुळल्यासारखे वाटत नाहीत. आता आणखी माळा घेऊ की मोठा कंट्रोलर?
– एक वाचक

उत्तर : दोन्ही आत्ता नको. माइकवाला कंट्रोलर आवाज कानावर पडला की मग दिवा लावतो. गाणं पुढच्या क्षणी कुठे जाणार आहे, हे त्याला कळायला मार्गच नाही. ध्रुवपदाआधी सगळी वाद्यं थांबतात, तिथे अर्धा ठोका अंधार हवा असेल तर ती जागा आधीपासून ठाऊक असावी लागते. म्हणून कुठल्या दिव्याने कुठल्या क्षणी काय करायचं, ते गाणं ऐकून आपणच लिहून ठेवायचं असतं. या लिखाणाला सिक्वेन्स म्हणतात, आणि सजावटीचा जीव त्यातच असतो.

२००४ साली अमेरिकेत, ओहायो राज्यात, कार्सन विल्यम्स या विद्युत अभियंत्याने आपल्या घरावर केलेल्या सजावटीची चित्रफीत जगभर पाहिली गेली. दिवे सुमारे १६,०००, पण ते चालवणारी चॅनेल्स, म्हणजे वेगवेगळी हुकूम देता येणारी वाटं, अवघी ८८. आजच्या पिक्सेल माळेत, म्हणजे जिचा प्रत्येक दिवा (पिक्सेल) सुटा चालवता येतो अशा माळेत, एका दिव्याला लाल, हिरवा आणि निळा अशी तीन चॅनेल्स लागतात. म्हणजे ८८ चॅनेल्समध्ये तीस पिक्सेलसुद्धा भागत नाहीत! शंभर पिक्सेलची एक माळ तुमच्याकडे असली, तर त्या घराच्या तिपटीहून जास्त चॅनेल्स तुमच्या हातात आहेत.

आधी तुमची पट्टी तपासा. तिला चार तारा असतील, एक वीजपुरवठ्याची आणि तीन रंगांच्या, तर सगळी पट्टी एकदम एकाच रंगाची होते. ती भिंत उजळायला ठेवून द्या. तीन तारा असतील, म्हणजे प्लस, मायनस आणि मधली डाटाची, म्हणजे दिव्यांना हुकूम नेणारी, तर बहुधा तिचे दिवे सुटेसुटे चालवता येतात. नवीन घ्यायचीच असेल तर डब्ल्यूएस२८११ चिपची, गोळीच्या आकाराच्या पिक्सेलची एकच माळ घ्या. ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे माळ चालवणारं मोफत सॉफ्टवेअर घाला, लॅपटॉपवर सिक्वेन्स लिहायचं एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. तेही मोफत आहे. लॅपटॉप गाणं वाजवील आणि वायफायवरून माळेला रंग पाठवील. शिकायला एवढं पुरतं. पुढे लॅपटॉप मोकळा करावासा वाटला की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तयार सिक्वेन्स चालवणारं फाल्कन प्लेअर हे सॉफ्टवेअर बसवता येतं.

गाणं मात्र सावकाश निवडा. ठेका स्पष्ट असलेलं, मधे शांत जागा असलेलं आणि तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकून कंटाळा येणार नाही असं. पूर्ण गाण्याला हात घालू नका, पहिलं एक मिनिट घ्या. डोळे मिटून ऐका आणि कागदावर टिपा : ठेका कुठे सुरू होतो, आवाज कुठे चढतो, कुठे सगळं थांबतं. मग एक्सलाइट्समध्ये टायमिंग ट्रॅक, म्हणजे वेळेच्या खुणांची ओळ, करून तिच्यावर ठोक्यांच्या खुणा पाडा. यंत्राने आपोआप पाडलेल्या खुणा कानाने तपासल्याशिवाय वापरू नका. गाण्याची फाइल कापायची असेल तर खुणा पाडण्याआधीच कापा, नाहीतर पुढच्या सगळ्या खुणा सरकतात.

एक जागा तपशिलात सांगते. मिनिटाला १२० ठोके असतील तर ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि चार ठोक्यांचं आवर्तन दोन सेकंदांचं. सिक्वेन्सची चौकट, म्हणजे दिवे बदलण्यातला सगळ्यात छोटा वेळ, २५ मिलिसेकंदांची ठेवली तर एका ठोक्यात वीस चौकटी मिळतात. ढोलाचा ठोका पडला की खालची ओळ पहिल्याच चौकटीत पूर्ण उजळवा आणि उरलेल्या एकोणीस चौकटींत हळूहळू विझवा. नुसतं लाव-विझव केलं तर डोळ्यांना टोचतं. असं विझत गेलं की ढोलाचं घुमणं दिसायला लागतं. गायकाचा स्वर दोन सेकंद चढत असेल तर पन्नास पिक्सेलवरून प्रकाश डावीकडून उजवीकडे त्याच दोन सेकंदांत न्या. ठेका एका भागाला, आवाज दुसऱ्या भागाला, आणि ही वाटणी गाणं संपेपर्यंत मोडू नका. सगळे दिवे एकदम लावायची जागा गाण्यात एखादीच असते, ती जपून ठेवा.

प्रश्न : माळेचा सुरुवातीचा भाग पांढरा दिसतो आणि शेवट पिवळट-तांबूस. माळ खराब आहे का?

उत्तर : बहुतेक माळ चांगली आहे, टोकापर्यंत व्होल्टेज पुरत नाहीये. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लाल रंगापेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात आणि लाल उरतो. पाच व्होल्टच्या माळेत हे लवकर दिसतं. उपाय असा : पॉवर सप्लायपासून प्लस-मायनसची वेगळी जोडी माळेच्या दुसऱ्या टोकाला नेऊन जोडा. दुसरा सप्लाय वापरलात तर दोघांचे मायनस एकत्र जोडा, पण प्लस एकत्र करू नका.

हिशेब करूनच सप्लाय घ्या. पाच व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा असताना साधारण ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे शंभर पिक्सेलना ६ अँपिअर. तिथे १० अँपिअरचा सप्लाय लावा, काठोकाठ चालवू नका. आणि प्रकाश ३० टक्क्यांवर आणून पाहा. रात्री तो पुरतो, रंगही जास्त खुलतात.

प्रश्न : लॅपटॉपवर सगळं जुळतं, पण अंगणातल्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणं दिव्यांच्या मागे पडतं. सिक्वेन्स पुढे-मागे करू का?

उत्तर : सिक्वेन्सला हात लावू नका. ब्लूटूथ आवाज पोचवायला वेळ घेतो आणि तो प्रत्येक स्पीकरचा वेगळा असतो. स्पीकर तारेने जोडा. हवेतून आवाज दहा मीटर जायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, तेवढा फरक जाणवत नाही.

छोटा एफएम ट्रान्समीटर लावून रेडिओवर गाणं ऐकवायचा विचार असेल, तर आपल्या देशात किती शक्तीचा चालतो ते आधी विचारून घ्या.

प्रश्न : पाच व्होल्टच तर आहेत, मग उघड्यावर लावायला भीती कसली?

उत्तर : माळेला हात लागला तर झटका बसणार नाही, हे खरं. पण सप्लायच्या दुसऱ्या बाजूला घरची पूर्ण वीज असते. सप्लाय पाणी न शिरणाऱ्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवा, आणि ती लाइन विजेची गळती झाल्यावर आपोआप बंद होणाऱ्या स्विचमधूनच घ्या. हे काम वायरमनकडून करून घ्या. पाच व्होल्टच्या बाजूलाही प्रत्येक जोडीवर फ्यूज हवा, कारण मोठा सप्लाय शॉर्ट झाला तर बारीक तार तापून वितळते. पेटीत शिरणारी प्रत्येक वायर आधी खाली झुकवून मग वर आत घ्या, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळातूनच गळून जातं.