ठाण्यात रोजच्या वापरासाठी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर कसे निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की घर कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला आणि अधूनमधून गावी फेरी. डिझेल घ्यावं की पेट्रोल, ऑटोमॅटिक कोणता आणि गाडी ताब्यात आल्याबरोबर 18 इंची टायर टाकावेत का, हा तुमचा प्रश्न.

डिझेल घेऊ नका. इतकं ठासून सांगतोय, कारण हा वाद आमच्या घरात आजही चालू आहे.

माझा मोठा भाऊ नाशिकला होता. उभ्या आयुष्यात डिझेलशिवाय गाडी घेतली नाही आणि दुसऱ्यालाही घेऊ दिली नाही. प्रदूषणाचे बीएस6 नियम आल्यानंतर त्याने नवी डिझेल घेतली तेव्हा मी फोनवर म्हणालो होतो, ‘दादा, एकदा डीपीएफचं, म्हणजे त्या काजळीच्या फिल्टरचं, नीट विचार.’ त्याचं उत्तर ठरलेलं: ‘डिझेलला मरण नाही.’ नाशिकमध्ये ते खरंही होतं. हायवेवर त्याचं रोजचं रनिंग होतं, गाडीने कधी तक्रार केली नाही. मग त्याची बदली ठाण्याला झाली. घोडबंदर रोड ते वागळे इस्टेट, सकाळ-संध्याकाळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला.

एप्रिल 2020 पासून नव्या डिझेल गाड्यांना एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी सलग वेगात पळावी लागते. कापूरबावडीच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा एक्झॉस्ट तापणार कसा? काजळी जाळण्याचं काम अर्ध्यावर तुटत राहिलं की त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल काही गाड्यांत ऑइलमध्ये उतरतं. दादाच्या गाडीची डिपस्टिक मी स्वतः काढून बघितली. ऑइलची पातळी खुणेच्या वर गेली होती. ऑइल वाढलंय म्हणून त्याला आनंद झाला, मला धडकी भरली.

सर्व्हिस सेंटरने ऑइल बदललं, फोर्स्ड रीजनरेशन केलं, म्हणजे मशीन लावून काजळी जाळली, मोठं बिल हातात दिलं आणि वर ‘तुम्ही गाडी बरोबर चालवत नाही’ असं ऐकवलं. तीन दशकं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे बोलणं मला आजही सहन होत नाही. गाडी विकताना कोणी का विचारलं नाही, की रोज कुठे आणि किती चालवणार?

दिवा पुन्हा लागला तेव्हा रविवारी पहाटे मी त्याच्या शेजारी बसलो. माजिवड्याहून नाशिक हायवे धरला. भिवंडी बायपास, मग पडघा. चौथा गिअर, आरपीएम दोन हजारांच्या वर, शक्यतो ब्रेक नाही. शहापूर यायच्या आत दिवा विझला. दादाने मिसळ खाऊ घातली, पण मान्य केलं नाही. अजूनही चारचौघांत ‘याला डिझेलचं वावडं आहे’ म्हणतो. मला वावडं नाही. कसारा घाटात भरल्या गाडीला डिझेलसारखा जोर नाही, हे मी कायम म्हणत आलो. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते इंजिन गुदमरतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर पेट्रोल. चार मीटरच्या आत लांबी आणि 1200 सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असेल तर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के, त्यावर गेलात की 40. म्हणून बहुतेक कंपन्या 1 किंवा 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो देतात. टर्बोला ऑइल वेळच्या वेळी बदला, त्यात काटकसर करू नका.

गिअरबॉक्स मात्र इंजिनाआधी ठरवा. एएमटी नको. तो मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं मशीन करतं. गायमुखच्या चढावर रांगत जाताना तो क्लच घासत राहतो. ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, पळायला झकास, पण तशाच ट्रॅफिकमध्ये तापतो. शोरूममध्ये ‘क्लच ड्राय की वेट’ हे स्पष्ट विचारा. तेलात बुडालेला वेट क्लच उष्णता बरी सोसतो. माझी पसंती टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पोचवणाऱ्या ऑटोमॅटिकला, जसा मारुती ब्रेझात किंवा महिंद्रा 3एक्सओच्या पेट्रोलमध्ये मिळतो. निसान मॅग्नाइटच्या टर्बोतला सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक, तोही शहरात सुखाचा. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळीच मागा आणि पातलीपाडा फ्लायओव्हरच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा हलवून बघा. सकाळी अकराच्या मोकळ्या रस्त्यावर सगळेच गिअरबॉक्स गुणी वाटतात.

18 इंची टायर अजिबात नकोत. 16 इंची 215/60 आर16 टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, 129 मिलिमीटर उंच, 225/45 आर18 ची जेमतेम 101. पावसाळ्यात घोडबंदरच्या खड्ड्यात रिमला वाचवते ती हीच उंची. साइडवॉलला फुगा आला की टायर बाद, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. खोबण 1.6 मिलिमीटरवर यायची वाट न बघता जूनच्या आधी टायर बदला. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावा, दुकानदार पुढे लावायचा आग्रह करेल तरी.

एक राहिलं. तुमचं गाव कोल्हापूर-सोलापूरकडे असेल आणि दर आठवड्याला जात असाल तर वरचं डिझेलचं म्हणणं तुम्हाला लागू नाही. त्या धावेत फिल्टर आपोआप साफ होतो. तसं असेल तर डिझेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घ्या, किया सोनेटला तो मिळतो. आणि डिलिव्हरीच्या दिवशी पाचही टायरवरचे चार आकडे वाचा: 2425 म्हणजे टायर 2025 च्या 24 व्या आठवड्यात बनला. स्टेपनीवरचे आकडे आधी बघा, तिकडे कोणी लक्ष देत नाही.