हार्वर्डचं हॉस्पिटल नेमकं कोणतं?

प्रश्न: माझी भाची मेडिकलला आहे, ती म्हणते हार्वर्ड मेडिकल स्कूलचं स्वतःचं एकही हॉस्पिटल नाहीये. एवढं नावाजलेलं कॉलेज, मग मुलं शिकतात कुठे? आणि तिथल्या डॉक्टरांना पगार कोण देतं?

उत्तर: भाची बरोबर सांगतेय. मुलं शिकतात बोस्टनमधल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत, पण त्यातलं एकही हार्वर्डच्या मालकीचं नाही, आणि हे असं का झालं ते बघायला थेट सुरुवातीला जावं लागतं.

१७८२ मध्ये स्कूल निघालं ते बोस्टनशेजारच्या केंब्रिजला (इंग्लंडातलं नव्हे). विद्यार्थी लेक्चरची तिकिटं काढायचे, त्यातून प्रोफेसरांची कमाई व्हायची, पण पेशंट कुठून आणायचे? म्हणून १८१० मध्ये स्कूल नदीपलीकडे बोस्टनला आलं. त्याच वर्षी जेम्स जॅक्सन आणि जॉन कॉलिन्स वॉरन या दोन डॉक्टरांनी शहरातल्या पैसेवाल्यांना पत्र पाठवलं की गरिबांसाठी हॉस्पिटल काढा, डॉक्टर होणाऱ्या पोरांनाही तिथे शिकता येईल. त्यातून मॅसॅच्युसेट्स जनरल उभं राहिलं, १८२१ मध्ये पेशंट घ्यायला लागलं, जॅक्सन तिथले पहिले फिजिशियन आणि वॉरन पहिले सर्जन.

म्हणजे माणसं तीच, पण तिजोरी वेगळी. पैसा देणगीदारांचा, त्यामुळे वॉर्डात कोणाला नेमायचं हे हॉस्पिटलचे ट्रस्टी ठरवणार. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. स्कूलला बाहेरून एखादा हुशार सर्जन प्रोफेसर म्हणून आणायचा असेल तर आणा खुशाल, पण ट्रस्टींनी खाटा दिल्या नाहीत तर तो शिकवणार कशावर?

तरी एकमेकांवाचून दोघांचंही चालत नव्हतं. १६ ऑक्टोबर १८४६ ला याच हॉस्पिटलच्या घुमटाखालच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मॉर्टन नावाच्या डेंटिस्टने पेशंटला गुंगी आणणारं ईथर हुंगवलं आणि वॉरननी त्याच्या मानेवरची गाठ काढली, समोर पायऱ्यापायऱ्यांच्या गॅलरीत डॉक्टर आणि विद्यार्थी बसलेले. ऑपरेशन आणि वर्ग एकाच खोलीत!

अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरात उलटं झालं. जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याने ७० लाख डॉलर मागे ठेवले, निम्मे युनिव्हर्सिटीला, निम्मे हॉस्पिटलला, दोन्हींनी मिळून चालायचं हे आधीच ठरलेलं. हॉस्पिटल १८८९ ला उघडलं, स्कूल १८९३ ला, आणि तिथले प्रोफेसर डॉक्टर ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना बाकावरून उठवून वॉर्डात पेशंटपाशी उभं केलं. १९१० मध्ये फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका-कॅनडातली १५५ मेडिकल स्कूलं तपासून रिपोर्ट दिला, त्यात हाच नमुना पुढे ठेवला, हॉस्पिटलवर शिकवणाऱ्यांचा ताबा हवा म्हणून.

हार्वर्डचं स्वतःचं हॉस्पिटल काही झालं नाही, पण १९१३ मध्ये स्कूलच्या शेजारीच पीटर बेंट ब्रिगम हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथे हॉपकिन्सहून मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांना आणलं, हॉस्पिटलचे मुख्य सर्जन आणि हार्वर्डचे प्रोफेसर दोन्ही तेच. एकाच माणसाला दोन्हीकडची नेमणूक द्यायची ही पद्धत आजही चालते.

पगाराचं म्हणाल तर पेशंट बघणाऱ्या बहुतेक डॉक्टरांना तो हॉस्पिटल किंवा तिथला डॉक्टरांचा ग्रुप देतो, प्रोफेसर हे पद हार्वर्ड देतं. आणि हॉस्पिटलं आपले निर्णय आपणच घेतात, १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल आणि ब्रिगम यांनी मिळून एक संस्था काढली, पुढे तिचं नावही बदललं, पण मालकी काही स्कूलकडे आली नाही.