बोटाने दाखवा, कुठे दुखतंय?

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. त्यामुळे डिसेंबर लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. गुडघा, टाच, नडगी, जांघ, दुखणं प्रत्येकाचं निराळं, पण शेवटचं वाक्य ठरलेलं: "पैसे भरलेत डॉक्टर, पळू ना?" त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रावरून निदान होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: दुखऱ्या भागाला बर्फ लावावा की शेक द्यावा? घरात दोन पक्ष पडलेत. (डोंबिवली)

ताजी सूज असेल तर पहिले दोन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. जुन्या आखडलेल्या स्नायूला शेक. दोन्हींनी बरं वाटतं, बरं होत नाही. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर दोन्ही नकोत.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळालो. यवतेश्वरचा घाट चढताना काही झालं नाही, पण परतीच्या उतारावर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी खुपसावी तशी कळ आली. तेव्हापासून सहाव्या-सातव्या किलोमीटरला हटकून दुखतं, चालायला लागलं की थांबतं. रोज मांडीवर फोम रोलर, म्हणजे फोमचं जाड लाटणं, फिरवतो. (कराड)

बाहेरची बाजू, ठरावीक अंतर आणि उतार ही लक्षणं आयटी बँडची वाटतात. खुब्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणारा हा चिवट पट्टा. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की तो हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो, आणि घाट उतरताना पाय त्याच कोनात जास्त वेळ राहतो. म्हणून चढाने माफ केलं आणि उताराने वसूल केलं.

रोलरने हा पट्टा लांब होत नाही. तो पोळीची कणीक नाही. काम करायचं ते कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंवर. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याच्या व्यायामापासून सुरुवात, पावलं आखूड, उतार सध्या बंद, आणि कळ यायच्या आधीच पळणं थांबवायचं. पण तीन महिने घरगुती उपचार पुरे झाले. फिजिओला एकदा पळून दाखवा. गुडघा अडकत असेल किंवा सुजत असेल तर सांध्यातली कूर्चेची गादी फाटलेली असू शकते, मग आधी अस्थिरोगतज्ज्ञ.

प्रश्न: वय ४१. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन साडेतीन आठवड्यांवर आली आहे. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला महिनाभर दुखतंय. आधी पळून झाल्यावर दुखायचं, आता जिना उतरताना आणि रात्री कूस बदलतानाही दुखतं. एक्स-रे नॉर्मल आहे. ग्रुपमधले म्हणतात, शिन स्प्लिंट आहे, सगळ्यांनाच होतं. स्पर्धेच्या सकाळी एक पेनकिलर घेऊन पळालो तर? सोळा आठवडे तयारी केली आहे. (ठाणे)

नाही. आता कारणं सांगतो. उत्तर लांबेल, कारण हे पत्र मला दरवर्षी वेगवेगळ्या हस्ताक्षरात येतं.

नडगी धरून आलेल्या प्रत्येकाला मी पहिलं वाक्य तेच म्हणतो: बोटाने दाखवा. काही जण अख्खा तळवा नडगीवरून वरखाली फिरवतात, "हे काय, इथपासून इथपर्यंत." हे बहुधा शिन स्प्लिंट असतं, म्हणजे जास्त पळण्याने नडगीच्या हाडाच्या कडेला येणारा ठणका. काही जण मात्र तर्जनीचं टोक एका जागी टेकवतात, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, आणि मी तिथे अंगठा न्यायच्या आत पाय ओढून घेतात. त्यांचं पळणं मी त्याच दिवशी बंद करतो. तुमचं बोट कुठे टेकतं हे मला इथून दिसत नाही. पण रात्री अंथरुणात दुखणारी नडगी 'सगळ्यांना होणारी' नसते. हाडाला बारीक तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर आहे का, हे आधी बघायला हवं.

हाड जिवंत असतं. भार वाढला की ते स्वतःची डागडुजी काढतं, पण त्यात आधी खणणाऱ्या पेशी येतात आणि भरणाऱ्या मागाहून. या दोन्हींच्या मध्ये काही आठवडे जातात आणि तेवढ्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं. खणलेल्या रस्त्यावरून ट्रक चालूच ठेवले तर काय होईल? लाँग रन, म्हणजे सरावातली लांब पल्ल्याची धाव, ३२ किलोमीटरवर नेण्याचे आठवडे नेमके हेच असतात.

आता तुमचा नॉर्मल एक्स-रे. पहिले दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, हा तडा एक्स-रेत दिसतच नाही. दिसते ती पुढे हाड सांधताना येणारी गाठ. गंमत बघा, हा आजार वैद्यकाला एक्स-रेच्या आधीपासून माहीत आहे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने संचलनाने सुजलेल्या सैनिकांच्या पावलांचं वर्णन केलं १८५५ मध्ये, आणि एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. तेव्हा दुखणं कुठे आहे ते ऐकून आणि बोटांनी चाचपून ओळखायचे. आज फिल्म नॉर्मल आली की बोट कुठे टेकतं ते बघायचंच राहून जातं. शंका असेल तिथे एमआरआय लागतो.

आणि ती गोळी. डायक्लोफेनॅक काय, आयबुप्रोफेन काय, ती तडा भरत नाही, फक्त धोक्याची घंटा काढून ठेवते. शिवाय पळताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. त्यात मुंबईची दमट हवा, चार-पाच तासांचा घाम आणि वर ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी मार. गोळी घेऊन भरमसाट पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली जायचा धोकाही वाढतो. माझे एक रुग्ण जांघेतलं दुखणं दोन गोळ्यांनी दाबून उभे राहिले होते. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे त्यांना कट् असा आवाज ऐकू आला. मांडीच्या हाडाची मान. तीन स्क्रू घातले आणि कित्येक महिने कुबड्या. जांघेत दुखत असेल तर माझ्या पत्राची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुम्ही या दोन दिवसांत स्पोर्ट्स इंज्युरी बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला भेटा. तोवर पळणं शून्य. खरंच तडा निघाला, तर आतल्या बाजूचा साधारण सहा ते आठ आठवडे घेतो; नडगीच्या पुढच्या धारेवरचा फार हट्टी असतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिला तर पोहण्याच्या तलावात कमरेला तरंगायचा पट्टा बांधून पाण्यात धावता येतं, त्याने दम टिकतो. स्पर्धेच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ तुम्ही चढू शकाल की नाही हा प्रश्नच नाही, प्रश्न आहे उतरल्यावर चालत घरी जाल का. पुढच्या जानेवारीतही तिसरा रविवार आहे.

प्रश्न: बुटांच्या दुकानात यंत्रावर उभं केलं आणि सांगितलं की माझे पाय सपाट आहेत, साडेसहा हजारांचे इनसोल घातले नाहीत तर गुडघे जातील. घेऊ का? सध्या काहीच दुखत नाही. (पिंपरी)

दुखत नाही ना? मग नका घेऊ. यंत्र दुकानदाराचं, निदान दुकानदाराचं आणि औषधही त्याच्याच फळीवर, एवढं बघितलं तरी पुरे. सपाट पायांनी उत्तम पळणारे खूप आहेत. बूट पायाला आरामदायी वाटले पाहिजेत, आणि ५०० ते ८०० किलोमीटर झाले की बदलले पाहिजेत.

प्रश्न: बहीण १९ वर्षांची, पोलीस भरतीसाठी ८०० मीटरची तयारी करते. पहाटे डांबरी रस्त्यावर, संध्याकाळी मैदानावर. दोन्ही नडग्या दुखतात. अकॅडमीत सरांनी इंजेक्शन देऊन पळायला लावलं. वजन कमी व्हावं म्हणून रात्री जेवत नाही. आईने सांगितलं, तीन महिने पाळी आलेली नाही, ते पण लिही. (बीड जिल्हा)

आईंनी शेवटी लिहायला लावलेलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. जेवण कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली काटछाट होते पाळीची. संप्रेरकं कमी झाली की हाडं ठिसूळ होत जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस', म्हणजे खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट, असं नावही दिलं. "पाळी बंद म्हणजे कटकट गेली, आता मुलगी खरी तयार झाली," असं मैदानावर सर्रास बोललं जातं. ते साफ चुकीचं आहे.

रात्रीची भाकरी आजपासून सुरू, आणि पळणं बंद. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. इंजेक्शन कसलं होतं ते सरांना विचारून चिठ्ठीवर लिहून न्या. दुखणं दाबून पळवणारा माणूस कोच असेल, डॉक्टर नव्हे. भरती पुन्हा निघते.

प्रश्न: टाचेच्या मागची शीर दुखते. शेजारी म्हणतात, एक स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं की मोकळा होशील. (नागपूर)

ही शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा दोर (अकिलीस टेंडन); तिच्यात स्टिरॉइड टोचलं तर ती तुटायचा धोका असतो. शेजाऱ्यांना नमस्कार सांगा आणि फिजिओकडे जा. पोटरी हळूहळू मजबूत करायला बारा आठवडे लागतात. इतके दिवस थांबवत नाही म्हणूनच लोक सुई शोधतात.

प्रश्न: स्पर्धेच्या आदल्या रात्री १०१ ताप आला तर?

झोपा.

प्रश्न: घोटा मुरगळलाय, सूज आहे, म्हणून मी पळणार नाही. माझा बिब, म्हणजे छातीवर लावायचा स्पर्धेचा नंबर, मेहुण्याला दिला तर काय बिघडेल? तो रोज दहा किलोमीटर पळतो. (कल्याण)

तुमचा निर्णय बरोबर आहे. सूज पाच-सहा दिवसांत उतरली नाही किंवा चार पावलंही भार देता येत नसेल तर एक्स-रे काढा.

बिब मात्र देऊ नका. त्याच्या मागे रक्तगट, आजार, औषधं आणि घरचा फोन नंबर लिहायला जागा असते. मेहुणा रस्त्यात कोसळला तर वैद्यकीय तंबूतला डॉक्टर त्याला तुमच्या नावाने हाक मारेल, तुमचा रक्तगट वाचेल आणि फोन तुमच्या बायकोला लावेल.