हीच पांडुरंगाची इच्छा समजायची का?

प्रश्न: यजमान जुलैअखेर निवृत्त होणार होते. पुढच्या वर्षी आळंदीहून दोघांनी पायी वारीला जायचं ठरलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. माझं नावसुद्धा घेता येत नाही. सासरचे म्हणतात, देवाची मर्जी, आता व्यायामावर पैसे घालवू नका, झाडपाल्याच्या औषधाला न्या. त्याच्या मर्जीवर विश्वास ठेवायचा म्हणजे मी नेमकं काय करायचं?

उत्तर: ताई, झटका आला तो कोणाच्या पापामुळे नाही. तेवढं ओझं आधी उतरवून ठेवा. जे घडून गेलं ते पांडुरंगावर सोपवा. पण जे अजून घडायचंय, त्याचा निकाल आपणच त्याच्या नावाने आधी कसा लावायचा? झटक्यानंतर पहिल्या 3 महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगाने होते, पुढेही हळूहळू होत राहते. तुमचे त्यातले दीड महिने अजून बाकी आहेत. व्यायाम बंद करायची ही वेळ नाही. झाडपाल्याच्या पथ्यात अनेकदा चालू गोळ्या बंद करायला लावतात. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच सुटल्या, तर दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. सासरच्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, म्हणजे वाईटपणा तुमच्याकडे येणार नाही.

उठवताना उजवा हात धरून ओढू नका. लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग दुखण्यापायी ते व्यायामच नाकारतात. बसताना त्या हाताखाली उशी द्या. स्वतःहून कूस बदलता येत नसेल, तर दर 2 तासांनी तुम्ही बदला. भरवताना ताठ बसवा, छोटा घास द्या, जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना ठसका लागला किंवा आवाज ओला, घोगरा झाला, तर पाणी श्वासनलिकेत जात असू शकतं. मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय पातळ काही देऊ नका.

आता वाचेचं. ते भजनी मंडळात होते असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. आमच्या मते तीच मोठी गोष्ट आहे. ज्यांना साधं 'पाणी' म्हणता येत नाही, अशा अनेकांना लहानपणापासून पाठ असलेली आरती चालीत म्हणता येते, कारण चालीतले पाठ शब्द आणि रोजचं बोलणं यांना मेंदू एकाच वाटेने आणत नाही. रोज संध्याकाळी 10 मिनिटं समोर बसा. त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरवा, संथ लयीत ओळ सुरू करा आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडा. 'विठ्ठल विठ्ठल'पासूनच सुरुवात करा. शब्द चुकला तर दुरुस्त करू नका, पुढची ओळ घ्या. हे वाचा-उपचारतज्ज्ञांनाही सांगा, त्यांना याचा उपयोग करून घेता येतो.

बँकेचं काम लांबवू नका. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. निवृत्तीच्या कागदांसाठी कार्यालयात आत्ताच विचारा.

तुम्हाला देवाचा राग येत असेल तर येऊ द्या. जनाबाईने तर त्याला शिव्या दिल्या, आणि ती त्याचीच राहिली. मात्र रात्रीची झोप मोडू नका. आठवड्यातल्या दोन रात्री दिराला किंवा मुलांना थेट मागून घ्या.

आणि एकादशीलाही त्यांच्या गोळ्या चुकवू नका. पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपास मोडत नाही.